रोगलाइक की रोगलाइट: उपसमितीचा निवाडा

चिक्कडपल्लीच्या मराठी स्नेहवर्धक समाजात तरुण मंडळी फिरकत नाहीत, या बाबीची अध्यक्ष हिम्मतराव यांनी गंभीर दखल घेतली. दखल घेण्यात त्यांचा हातखंडा होता. सरकारी नोकरीत त्यांनी दुसरं फारसं काही केलं नव्हतं. या खेपेस मात्र त्यांनी धाडस केलं आणि वर्धापनदिनाला भजनाऐवजी व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली. हॉल भरला, आणि भरल्याबरोबर भांडण लागलं.

"काका, स्पर्धा रोगलाइक खेळांची आहे," नल्लकुंट्याची त्रिवेणी म्हणाली. "या प्रथमेशने रोगलाइट आणलाय. चलता नै!"

"एवढ्याशा फरकाने काय होतंय?" नोकरीसाठी पुण्याहून आलेला प्रथमेश म्हणाला. "लाइट घे ना, एवढं मनावर कशाला घेतेस!"

हिम्मतरावांना या सगळ्यात फक्त 'रोग' ऐकू आला. त्यांनी तत्काळ भेदनिर्णय उपसमिती नेमली आणि विषय आरोग्याशी निगडित असल्याने होमिओपॅथ डॉ. अप्पारावांना निमंत्रक केलं. डॉक्टरांनी आधी दोघांच्या जिभा पाहिल्या, मग लक्षणं विचारली.

"दोन्हींत माणूस मरतो," त्रिवेणी म्हणाली.

"सौम्य प्रकारातही?" डॉक्टर दचकले.

"हौ. पण रोगलाइकमध्ये मेलात की तलवार, सोनं, ताकद, सगळं खल्लास. पुन्हा पहिल्यापासून, तेही नव्याच भुयारात. जुन्या वाटा पाठ करून उपयोग नाही. हाती उरतं ते फक्त शिकलेलं."

"आणि रोगलाइटमध्ये मेलं तरी थोडं पदरात राहतं," प्रथमेश म्हणाला. "पुढच्या खेपेला जरा दणकट होऊन उठायचं. हरत हरतच माणूस वर चढतो."

हिम्मतरावांचा चेहरा उजळला. हे तर त्यांचंच चरित्र होतं! समाजाच्या निवडणुकीत पहिल्यांदा पडले तेव्हा ते सल्लागार झाले, पुन्हा पडले तेव्हा मार्गदर्शक, आणि त्यानंतर पडले तेव्हा थेट आजीव अध्यक्ष. निवडून ते कधीच आले नव्हते.

"रोगलाइट हाच आपल्या संस्कृतीला मानवणारा प्रकार," त्यांनी अहवालाची वाट न पाहता जाहीर केलं.

"मग काका, रोगलाइक आपण समाजातच खेळून बघू," त्रिवेणी म्हणाली. "आत्ताच सगळी पदं रद्द. सगळ्यांनी शून्यापासून सुरू करायचं."

तरुणांनी शिट्ट्या मारल्या. ज्येष्ठांनीही जोरात टाळ्या वाजवल्या, कारण 'सगळे' म्हटल्यावर प्रत्येकाला शेजारचा दिसला. हात वर झाले. सवयीने हिम्मतरावांचाही झाला, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. आता उभं कुठे राहायचं, हेही त्यांना ठरवून देणारं पद उरलं नव्हतं. शेवटी ते त्रिवेणीच्या लॅपटॉपसमोर जाऊन बसले, भुयारात शिरले आणि पहिल्याच उंदराने त्यांना ठार केलं.

"अरेच्चा! परत!" ते ओरडले. दुसऱ्या उंदरानेही ठार केलं, तेव्हा तर ते चक्क खदखदून हसले.

तिकडे ठरावाची अंमलबजावणी सुरू झाली. खजिनदारांनी निदर्शनास आणलं की बँकेत त्यांची सही आहे, सबब तेवढं पद वगळावं. डॉक्टर म्हणाले, त्यांचं निमंत्रकपद उपसमितीचं आहे, समाजाचं नव्हे. प्रथमेशने नवागतांचा प्रतिनिधी म्हणून एक जागा कायम मागितली. त्रिवेणी म्हणाली, "कल्पना माझी आहे, तेव्हा देखरेखीला मी लागणारच ना!" सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं, म्हणून सगळ्यांचं मान्य झालं. शून्यापासून सुरुवात केली ती एकट्या हिम्मतरावांनी, आणि ते तिसऱ्या उंदराला नेटाने भिडले होते.

वाचकहो, त्रिवेणीची सूचना तुम्हाला पटली असेलच. ती पटत नाही असा माणूस अजून भेटलेला नाही. फक्त तुमच्यापुरतं काय वगळायचं, ते सांगा. तशी तरतूद करता येईल.