आठ वाजता दाराशी कोण होतं

कनकच्या पहिलीच्या बाईंनी वहीत एकच प्रश्न लिहून पाठवला होता : 'तू जन्मलीस तेव्हा तुला सगळ्यांत आधी मांडीवर कोणी घेतलं?' उत्तर उद्या वर्गात उभं राहून वाचायचं होतं. वरणाला फोडणी घालता घालता रोहिणीने सासूबाईंना विचारलं.

"मी," जमनाबाई म्हणाल्या. "दरवाजाजोडेच व्हतू. आठ वाजनात, आनि नर्सबाईनी पोरले मन्हा हातमा दिन्हं."

सासऱ्यांनी, चुडामण आप्पांनी, पेपर खाली केला. "तू कुठली. मी व्हतू दरवाजाजोडे. टीव्हीवर एकवीस दिन बंद सांगं, मी सोता आयकं, आनि तवाच पोर रडनी."

रोहिणीचा हात थांबला. कनकचा जन्म लॉकडाऊन जाहीर झाला त्याच संध्याकाळचा, शहाद्याच्या दवाखान्यात, सिझरने. टाके संपत आले तेव्हा तिने बाळाला आत घेऊन आलेल्या सिस्टरला विचारलं होतं, "बाहेर कोणी घेतलं का हिला?" सिस्टर म्हणाली होती, "घेतलंय. काळजी करू नका." त्या एवढ्याशा वाक्यावर रोहिणी सहा वर्षं निर्धास्त होती.

"आप्पा, टीव्ही तं खाले मेडिकलमा व्हता ना?"

आप्पांनी पेपर पुन्हा वर केला.

"आनि आई, तुम्ही?"

"मी बटाटा लेवाले गयथू. पाच मिन्टं. समदाच लेत व्हतात."

तेवढ्यात रोहिणीचा नवरा कुंदन कारखान्यातून ड्यूटी संपवून आला. चप्पल काढायच्या आत त्यालाही तोच प्रश्न विचारला गेला.

"मीच घेतलं ना तिला," तो म्हणाला.

"आठ वाजता?"

"आठले... आठले मी किराणानी रांगमा व्हतू. पाच किलो साखर लिधी."

"साखरना कारखानामा नोकरी, आनि साखरनी रांग?"

"लोके उभे व्हतात, मी बी उभा ऱ्हायनू." तो जरा ओशाळला. "आजीनी लिधं, अशे लिखी टाक. बाईसले काय कळी."

"कनकले कळी," रोहिणी म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

कपाट उपसलं गेलं. कनकच्या फाइलमध्ये, लसीच्या कार्डामागे, त्या संध्याकाळच्या सिस्टर प्रिस्किलाचा नंबर पेनाने लिहिलेला निघाला. ती आता विसरवाडीच्या दवाखान्यात होती. रोहिणीने फोन स्पीकरवर टाकला.

"चोवीस मार्च ना? आठवतं की," प्रिस्किला म्हणाली. "मी बाळ घेऊन दारात आले, तीनदा हाक मारली. बाकड्यावर तुमच्या पिशव्या होत्या. माणूस एक नव्हतं."

जमनाबाईंना एकाएकी खोकला आला.

"मग तुम्ही मला 'घेतलंय' म्हणालात, ते?"

"खोटं कुठं बोलले, ताई? मीच बसले ना जिन्यात, मांडीवर घेऊन. चांगला अर्धा तास."

वही घेऊन बसलेल्या कनकने फोन ओढला. "मावशी, तुम्ही टीव्ही नाही पाहिला?"

"नाही गं. तू माझं बोट धरलं होतंस, ते सोडेचना. देश बंद झाल्याचं मला सकाळी दूधवाल्याने सांगितलं."

कनकने पेन्सिल घेतली. जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत तिने लिहिलं : 'मी जन्मले तेव्हा टीव्हीवर खूप मोठी बातमी होती. मी आणि प्रिस्किला मावशी कामात होतो.'