गुलाबकाकांची बॉडी

यवतमाळहून वणीकडे निघालेल्या एसटीत गुलाबकाका मोबाईलवर मोठ्या आवाजात विचारत होते, "बॉडी कपाटात कधीपासून पडून हाये? वास-बिस तर नाही न येत? बुरशी? नाही, तुमी उघडू नका. मी आल्यावर उघडतो."

पुढच्या सीटवरच्या बाईंनी आपली पिशवी उचलली आणि त्या ड्रायव्हरमागे जाऊन बसल्या. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून तसाच उभा राहिला. मी त्याला घाईघाईनं सांगितलं की कॅमेऱ्याची बॉडी, कॅमेऱ्याची. त्यानं मान डोलावली, पण मारेगाव येईपर्यंत तो आमच्या बाजूला काही फिरकला नाही.

फुलसावंगीत गुलाबकाका माझ्या समोरच राहतात. मी तिथल्या शाळेत मास्तर. बदली होऊन आलो त्याच आठवड्यात ते चहाला आले आणि कप खाली ठेवताच म्हणाले, "सर, तुमच्याकडं एखादी जुनी बॉडी पडली हाये काय?" हा प्रश्न ते सगळीकडे विचारतात. बारशाला विचारतात, साखरपुड्याला विचारतात. एका तेराव्यालाही विचारला होता. तिथून आम्ही जेवण न करताच निघालो.

त्यांच्याकडे एक वाइड अँगल लेन्स आहे, पण कॅमेरा नाही. ती लेन्स लोकरीच्या मोज्यात घालून ते खिशात बाळगतात. तिला शोभेल अशी रोलच्या कॅमेऱ्याची साधी बॉडी त्यांना हवी होती, आणि साधी म्हणजे किती साधी, यावरच सगळं अडलेलं होतं. पुसदला एकानं चांगला कॅमेरा दाखवला. त्यात सेल घालावे लागत. काकांनी तो दोन बोटांत धरून परत केला. यवतमाळच्या एका वकिलांचा कॅमेरा आपला आपण फोकस करायचा. दाबलं की आत घुर्र व्हायचं. "हा तर बोलते," काका म्हणाले आणि चपला घालू लागले. वकीलसाहेब फुकट देत होते तरी.

मी माझा मोबाईल पुढे केला. त्यांनी तो पाहिलासुद्धा नाही. "याले वाटते आपल्याले सगळं समजते. मले बिनडोक पाह्यजे, सर. बॉडी म्हणजे अंधारा डबा. डब्यानं डब्यासारखं ऱ्हावं."

वाइड लेन्सला डोकं लागतच नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा अंतर लावून ठेवलं की अंगणातल्या तुळशीपासून मागच्या टेकडीपर्यंत सगळं साफ येतं. मग फोकस कशाला, सेल कशाला, आणि डोळा लावून पाहायचं तरी कशाला? डोळा लावायच्या त्या खिडकीवर त्यांचा विशेष राग होता. खिडकी नसलेला कॅमेरा कोणी बनवत नसेल, असं मी म्हणायचो.

फोनवरच्या त्या मारेगावच्या स्टुडिओवाल्याकडे नेमका तसाच निघाला. आता त्याचं दुकान फ्रेमा आणि पासपोर्ट फोटोंवर चालतं. परदेशातल्या मेव्हण्यानं कधीतरी दिलेला कॅमेरा त्यानं ओशाळवाण्या चेहऱ्यानं काउंटरवर ठेवला. त्याला डोळा लावायची जागाच नव्हती. कंपनीनंच तसा बनवलेला. स्टुडिओवाला म्हणाला, आंधळा आहे हो, म्हणून पडून राहिला.

काकांनी मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, वास घेतला. शटर कानाशी धरून दाबलं. मग मोज्यातून लेन्स काढली आणि हलक्या हातानं फिरवली. आटे जुळले. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

परतीच्या एसटीत त्यांनी मला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्यांच्या घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात थोरले भाऊ राहतात, थावरूभिया. त्यांच्या बंजारा तांड्यात थोरल्या भावाला भिया म्हणतात. दोघांचा मिळून फुलसावंगीत स्टुडिओ होता. थावरूभियांच्या मुलीच्या लग्नात ग्रुप फोटो गुलाबकाकांनी काढला. खिडकीतून पाहिलं तेव्हा सगळे होते. फोटो धुऊन आला तर त्यात सोयरे होते, भटजी होते, बँडवालासुद्धा होता. नवरीचा बाप मात्र कडेला कापला गेला होता. फेट्याचा शेमला तेवढा आलेला.

"भिया एकच बोलला," काका म्हणाले. "मी तुले दिसलोच नाही काय? आता मले तं दिसत होता, सर. पण ते कोण मानते?"

त्यानंतर बोलणं बंद झालं. स्टुडिओ मोडला. वाटणीत कॅमेरे थावरूभियांकडे गेले, गुलाबकाकांनी फक्त ती लेन्स मागून घेतली. एकच ओसरी, तिच्या दोन टोकांना दोन खाटा. रोज दुपारी दोघं आपापल्या टोकाला बसतात आणि बोलायचं झालंच तर कुत्र्याशी बोलतात. "फोटोवाला म्हणते, जवळ या, जवळ या," काका म्हणाले. "आमी काही जवळ येणार नाही. म्हणून वाइड."

रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मध्ये उभं राहू नका, असंही बजावलं. कॅमेरा ओसरीकडे तोंड करून मांडीवर ठेवला, वर टॉवेल टाकला. माझ्याशी कपाशीवरच्या अळीबद्दल बोलता बोलता टॉवेल सारला आणि कळ दाबली. पलीकडे थावरूभिया पेपर वाचत होते. त्यांना काही कळलं नाही, अशी काकांची खात्री होती. कॅमेऱ्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला कळ ऐकू गेली नसेल का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी अळीवरच बोलत राहिलो. त्यांनी आणखी काही फोटो काढले.

रोल नागपूरला धुवायला पाठवला. फोटो माझ्या मोबाईलवर आले. पहिल्यात पेपर होता आणि पेपराला दोन पाय होते. दुसऱ्या फोटोवर काका थांबले. या कडेला त्यांचा स्वतःचा गुडघा, भोपळ्याएवढा. मध्ये लांबच लांब ओसरी, झोपलेलं कुत्रं. आणि पलीकडच्या टोकाला थावरूभिया. पेपर घडी करून बाजूला ठेवलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली, हात गुडघ्यांवर. ताठ बसून ते सरळ लेन्समध्ये पाहत होते.

 काका चष्मा पुसत म्हणाले, "भिया अख्खा आला."

त्या फोटोची मोठी प्रत काढून मीच थावरूभियांना नेऊन दिली. त्यांनी ती उजेडात धरली, लांब धरली, जवळ धरली. नंतर माझ्याकडे न पाहता निरोप दिला.

मी ओसरी ओलांडून आलो आणि काकांना तो सांगितला. भिया म्हणतात, फोटो हलला हाये. मांडीवर कायले ठेवते? पुढच्या खेपेले स्टुलावर ठेव म्हणा.

काकांनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला. मग ते उठले आणि स्टूल शोधायला आत गेले.