सिराहची दुपारची झोप

उन्हाळ्यात भर दुपारी कूलर लावायचा नाही, असा महादेवरावांच्या घरचा नियम होता. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी जन्म काढला होता, त्यामुळे कूलरचं बटण दाबलं की त्यांना डोळ्यांसमोर कोळशाचा अख्खा ट्रक रिकामा होताना दिसे. त्यांच्या पत्नी प्रयागबाई लग्नापासूनच्या सगळ्या दुपारी मानेवर ओला पदर टाकून फरशीवर पडत आल्या होत्या. निवृत्तीनंतर बेसा या उपनगरात नवं घर झालं, तेव्हा फरशी तेवढी गुळगुळीत मिळाली.

मार्चमध्ये लेक दामिनी नाशिकहून आली आणि जाताना एक बाटली ठेवून गेली. ती तिथल्या वायनरीत कामाला होती. महादेवराव कॉलनीच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. नोकरीवरून बाप-लेकीत वर्षभर अबोला होता आणि तो सुटून फार दिवस झाले नव्हते.

"बाबा, मी स्वतः केलेली ही पहिली वाईन. सिराह म्हणते हिले. द्राक्ष मूळचं फ्रान्सातल्या ऱ्होन नदीकाठचं," दामिनी म्हणाली. "हिले मुरू द्या. आडवी ठेवा, अंधारात, थंड जागी. गरम झाली का बिघडली समजा. पोळ्याले मी येईन, मंग सोबत चाखू." हे सांगताना ती बंद कूलरकडे पाहत होती.

महादेवरावांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. लेकीनं एवढ्या विश्वासानं काही हवाली केलंय, ते बिघडलं तर पुन्हा कोणत्या तोंडानं बोलायचं, ही काळजी त्यांना आत्ताच लागली.

एप्रिलात ऊन तापलं. स्वयंपाकघराची भट्टी झाली. फ्रीज थरथरतो, तो नको, असं दामिनीनं फोनवर बजावलं. उरली कूलर असलेली समोरची खोली. महादेवरावांनी एक दुपार घालमेलीत काढली आणि दुसऱ्या दुपारी स्वतःच्या हातानं कूलर लावला.

"कोनासाठी लावला?" प्रयागबाईंनी विचारलं.

"सिराहसाठी."

"अन् मी काय करू?"

"तू बी ये. पन आवाज नको करू वं. मुरून राहिली ना."

कूलरनं टेबल थरथरत होतं, म्हणून बाटली कापसाच्या गादीवर आली. गादीवरून ती घरंगळू लागली, म्हणून कोणीतरी तिच्यावर हात ठेवून निजणं भाग पडलं. प्रयागबाई निजल्या. उजेड नको म्हणून खिडक्यांना गोधड्या लागल्या. मग खोलीत नुसता गार अंधार उरला, वाळ्याचा वास आणि पाण्याची टपटप. पहाऱ्याला बसलेले महादेवराव हळूहळू भिंतीला टेकले. स्वप्नात कोराडीच्या रस्त्यानं ट्रक चालले होते, पण त्यांत काळी द्राक्षं होती, आणि चिमणीतून निघालेला जांभळा धूर सावकाश बेसावर उतरत होता. त्या धुराखाली दामिनी लहानपणच्या फ्रॉकमध्ये चालली होती आणि तिला कोणी रागावत नव्हतं.

शेजारच्या शालिकरामांना मात्र शंका आली. महादेवरावांकडे भर दुपारी कूलर, खिडक्या बंद, घरात कुजबुज, म्हणजे घरात नक्कीच कोणीतरी अत्यवस्थ. ते मोसमातली शेवटची द्राक्षं घेऊन भेटीला आले.

"कोन बिमार हाय गा?"

"कोनी नाई. आराम चालू हाय," महादेवराव पुटपुटले. व्यसनमुक्तीचा अध्यक्ष याहून जास्त काय सांगणार?

शालिकरामांनी अंधारात वाकून पाहिलं. प्रयागबाई चादरीखाली काहीतरी कवटाळून गाढ झोपल्या होत्या. "वहिनीले पहिल्यांदाच असं पडलेलं पाहून राहिलो," ते हळहळले, धीर द्यायला खुर्चीत बसले आणि कूलरचा झोत लागताच घोरू लागले. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले, तिसऱ्या दिवशी तिनं चटई आणली. मे महिन्यात तर व्यसनमुक्ती समितीची बैठकच त्या खोलीत भरली आणि सगळे सभासद चादरीखालच्या बाटलीभोवती विनातक्रार झोपले.

एका दुपारी लाईन गेली, कूलर थांबला. महादेवराव बाजारातून धापा टाकत घरी आले. मंडळी पांगली होती. अंधारात प्रयागबाई एकट्याच बसून पुठ्ठ्यानं बाटलीला वारा घालत होत्या. स्वतः घामानं निथळत होत्या.

"पोरीचं हाय ना," त्या एवढंच म्हणाल्या. महादेवरावांनी दुसरा पुठ्ठा घेतला. तो वारा त्यांनी बाटलीला घातला की बायकोला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पोळ्याला दामिनी आली. जेवणं झाल्यावर तिनं बाटली उघडली. अध्यक्षांनी दार लावून घेतलं आणि स्टीलच्या पेल्यातून एक घोट घेतला. जांभूळ, काळी मिरी आणि शेवटी थोडासा धूर.

"कोराडीचा वास येते," ते म्हणाले. "चांगली केली वं बाई तू. तुयाकडच्या बाटल्या बी अशाच मुरल्या काय?"

"त्या तं आमी एप्रिलातच पिऊन टाकल्या," दामिनी म्हणाली. "ही वाईन ताजीच प्याची असते बाबा. हिले मुरवाचं काही काम नाई."

"मंग हे सारं झोपवनं कायले?"

दामिनीनं आईकडे पाहिलं. प्रयागबाई पेल्यात नाक घालून मिरीचा वास घेत होत्या.

"यंदाचा उन्हाळा कसा गेला, मले समजलंच नाई," त्या म्हणाल्या.

बाहेर पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन तापलं होतं. महादेवराव उठले, उरलेली वाईन तिघांच्या पेल्यांत ओतून संपवली, रिकामी बाटली धुतली, पाण्यानं भरली, बूच लावलं, गादीवर आडवी ठेवली आणि कूलर सुरू केला.

"अवो, संपली ना ते," प्रयागबाई म्हणाल्या.

"राहू दे. दुपारची सवय लागली तिले," महादेवराव म्हणाले आणि खिडकीवर गोधडी ओढायला गेले.