साळवे सर आणि त्यांचा म्हातारा

साळवे सरांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला सर 'बसा' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "जीभ काढा."

माणूस गोंधळून जीभ काढतो. "आता दोन्ही कडा वर उचला. नळी करा. जमतंय का?" जमलं की सर खूश. "वा! ही आईकडून आली का वडिलांकडून?" नाही जमलं तरी खूशच. "हरकत नाही. कान दाखवा, पाळी चिकटलेली आहे का सुटी?"

मीटर बघायला येणारा, सिलिंडरवाला, माझी नवी सून, सगळ्यांनी त्या दारात जीभ काढलेली आहे. मागं एकदा महापालिकेचे उमेदवार हात जोडत आले. सरांनी त्यांनाही सोडलं नाही. साहेबांच्या मागं उभ्या असलेल्या सगळ्या कार्यकर्त्यांच्या जिभांच्या नळ्या झाल्या, साहेबांची झाली नाही. पुढं ते निवडणुकीत पडले. त्यात सरांचा काही हात नव्हता, पण आमच्या मुकुंदवाडीत कुणी ते मान्य करत नाही.

गंमत म्हणजे जिभेवरून आनुवंशिकता कळते, हे सरांना स्वतःलाच फारसं पटत नाही. "जुळ्या भावांत एकाला जमतं, एकाला नाय. पुस्तकातलं हे कच्चं आहे," ते म्हणतात. मग विचारता कशाला? "पोरं जागी राहतेत." सरांनी आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊनही वर्ग सुटलेला नाही, इतकंच.

त्यांचा दुसरा शब्द 'सबूत'. दूधवाला म्हणाला, म्हशीनं आज दूध कमी दिलं, तर सर म्हणणार, "सबूत?" आता म्हैस काय सबूत देणार?

आणि तिसरा, त्यांचा म्हातारा.

हा म्हातारा म्हणजे परदेशातला एक जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. आईबापाकडून लेकराकडं काय जातं आणि कसं जातं, हे कोडं सोडवण्यात त्याचा मोठा वाटा. नाव मी सांगत नाही, कारण त्या नावाला आता सरांच्या घरात बंदी आहे. पण तेव्हा नव्हती. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, तिच्या वर निळ्या कोटातला तो फोटो, जो त्या वस्तीतल्या प्रत्येक घरात आहे, बाजूला वहिनींचा हार घातलेला फोटो, आणि सोफ्याच्या बरोबर वर हा गोरा, टक्कल पडलेला म्हातारा. माझी बायको पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं त्यालाही हात जोडले होते. तिला वाटलं, वहिनींचे वडील असतील. वहिनी जात्याच सावळ्या, पण बायको म्हणाली, आजकाल काही सांगता येत नाही.

"चार अक्षरं, कदम," सर मला सांगायचे. "आख्ख्या जीवसृष्टीची बाराखडी फक्त चार अक्षरांची. राजाची तीच, हमालाची तीच, तुमच्या अंगणातल्या त्या शेवग्याची पण तीच. हे आपल्या म्हाताऱ्यानं दाखवलं." 'आपल्या' म्हणताना सर असे बोलायचे, जणू म्हातारा अजिंठ्याजवळच्या त्यांच्याच गावचा, शिक्षणासाठी जरा लांब गेलेला.

तर एका सकाळी हे सगळं बिनसलं.

सकाळचं फिरणं झालं की आम्ही तिघं मुकुंदवाडी स्टेशनासमोर चहा घेतो. मी, सर आणि भाऊसाहेब देशमुख. भाऊसाहेबांची फुलंब्रीकडं जमीन आहे, जिल्हा परिषदेतली नोकरी संपलेली आहे, आणि उरलेल्या वेळात ते सरांना चिडवतात. त्या दिवशी ते मोबाइल नाचवतच आले.

"सर, तुमचा म्हातारा पेपरात आलाय."

"गेला का?" सरांच्या हातातला कप थांबला.

"गेला असता तर बरं झालं असतं. म्हणतोय, काळ्या लोकांना अक्कल उपजतच कमी असती. सगळ्या जगात बोंब उठलीय. त्याच्याच संस्थेनं त्याला नारळ दिलाय."

"सबूत?"

भाऊसाहेबांनी बातमी दाखवली. सर म्हणाले, "पेपरवाले कायबी छापतेत." भाऊसाहेबांनी व्हिडिओ लावला. म्हातारा स्वतःच्या तोंडानं बोलत होता. सरांनी फोन कानाला लावला, पुन्हा लावला, चहावाल्याला रेडिओ बंद करायला सांगितलं.

"'रेस' म्हणत नाय तो. 'राइस' म्हणतोय. भातावर पण काम होतं त्याचं."

"भाताला अक्कल कमी असती का मग?" भाऊसाहेब म्हणाले.

मला हसू आलं, चहावाल्यालाही आलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण भाऊसाहेबांना चेव चढला. "तसं बघा सर, रक्तात काहीतरी असतंच. आमचे आजोबा अंगठाबहाद्दर, पण हेच म्हणायचे. आता तर शास्त्रानंच शिक्का मारला."

सरांनी अर्धा कप तसाच बाकड्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडून निघून गेले. भाऊसाहेब माझ्याकडं बघत म्हणाले, "च्यायला, मी गमतीत बोललो." मग थोड्या वेळानं, "आपण ह्यांच्यासमोर काय बोललो ते लक्षातच नाही आलं हो." आणि त्यांनीही चहा तसाच सोडला.

सर काही दिवस फिरायला आले नाहीत. शेवटी मीच घरी गेलो. म्हातारा सोफ्याच्या वर होता, पण पाठमोरा. सरांनी फ्रेम उलटी करून टांगली होती.

"हे काय?"

"भिंतीकडं तोंड करून उभा केलाय. वर्गात घाण बोलल्यावर हीच शिक्षा असती माझी."

"किती दिवस?"

"माफी मागंपर्यंत." सरांनी फ्रेम जरा सरळ केली. "त्या वयात मागायचा नाय तो. मला माहितेय."

"मग ती चार अक्षरं खोटी का?"

"अक्षरं खरी. म्हातारा खोटा." आणि एकदम उठून उभे राहिले. "कदम, तुमच्याकडं छत्री आहे का?"

छत्री उन्हासाठी होती. दुसऱ्या दिवशी मी ती सरांच्या डोक्यावर धरून क्रांती चौकात उभा होतो आणि सर हातात पुठ्ठ्याची पाटी धरून उभे होते: 'एका शास्त्रज्ञाचा जाहीर निषेध. अक्कल कातडीत नसते. – र. ना. साळवे, एम.एस्सी.'

आमच्या शहरात निषेध करायचा तर क्रांती चौकातच, त्यामुळं तिथं गर्दी असते. त्या दिवशी पाण्याचा मोर्चा होता. आमच्याकडं नळाला पाणी येणं हा सणासारखा प्रकार आहे. बायका हंडे घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं, हा शास्त्रज्ञ पाणीपुरवठ्यातला असणार. त्यांनी सरांना मधे घेतलं आणि हंडे वाजवत त्या शास्त्रज्ञाच्या नावानं शिमगा केला. सरही जोरात. इतका आवाज त्यांनी वर्गातही काढला नसेल.

तेवढ्यात एक हवालदार आला. चांगला काळाकुळकुळीत, मिशीवाला.

"काका, परवानगी?"

"माणसाला माणूस म्हणायला परवानगी लागती का?"

"लागती. अर्ज करावा लागतो. निषेध कुणाचा आहे?"

सरांनी समजावून सांगितलं. हवालदारानं टोपी काढून घाम पुसला. "म्हणजे काळ्या माणसाला अक्कल नाय, असं म्हणाला तो?"

"व्हय."

"आमची मंडळी रोज म्हणती. तिचा निषेध कुठं करायचा ते पण सांगा." पण त्यानं पाटी जप्त केली नाही. उलट आम्हाला झाडाच्या सावलीत सरकवलं आणि जाताना म्हणाला, "तो इकडं आला तर कळवा मात्र."

दुसऱ्या दिवशी पेपरात पाणीप्रश्नाच्या फोटोत सर ठळक दिसत होते. खाली लिहिलं होतं, 'संतप्त ज्येष्ठ नागरिक'.

एवढ्यावरही सरांचं समाधान झालं नाही. "आपण ओरडलो. पण ज्यांना बोलला, त्यांची माफी कुणी मागितली?"

"सर, आफ्रिका लांब आहे."

"स्टेशनमागं आहे," सर म्हणाले.

आमच्या शहरात शिकायला बाहेरदेशची बरीच पोरं येतात. स्टेशनमागच्या एका खोलीत सुदानचा इद्रिस राहायचा. उंच, हसरा, फार्मसीला. भाजीवाल्यांशी घासाघीस करून करून त्याची हिंदी पक्की इथली झाली होती. सर त्याच्या दारात गेले, कधी नव्हे ते जीभ विसरले आणि पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं: समस्त विज्ञानाच्या वतीनं, अत्यंत खेदपूर्वक, वगैरे. इद्रिस टॉवेल खांद्यावर टाकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला,

"अंकल, ये बुड्ढा कौन है? मेरेकू नै मालूम."

ज्याची माफी मागायची त्याला गुन्हाच माहीत नव्हता. मग इद्रिस हसत म्हणाला, "पर सच बोला होएंगा अंकल. मेरेकू अक्कल कमच है. बायोकेमिस्ट्री में फेल हूँ."

सर ताडकन म्हणाले, "गप! असं बोलायचं नाय! माझ्यासमोर तर अजिबात नाय! उद्यापासून दुपारी घरी ये."

आणि मग सुरू झाला तो तमाशा. रोज दुपारी सरांच्या ओट्यावर फळा. इद्रिस समोर बसलेला, सर खडूनं माखलेले. एका माणसाच्या एका विषयावर आता एक आख्खा खंड टांगला होता. इद्रिसचं उत्तर चुकलं की सर कळवळून म्हणायचे, "अरे, तो म्हातारा हसत असंल रे!" इद्रिस बिचारा उघड्या दारातून आतल्या, भिंतीकडं तोंड केलेल्या फ्रेमकडं चोरून बघायचा. त्यानं एकदा मला विचारलं, "कदम अंकल, उन्ने इधर पलटेंगे क्या?"

सर त्याला बदाम खायला लावायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनाच ताप आला.

भाऊसाहेबही हळूहळू ओट्यावर येऊन बसू लागले. चिडवायला म्हणून यायचे, पण चिडवत नव्हते. लांबून विचारायचे, "काय म्हणतंय पोरगं? होईल ना?" त्यांनी सरांची माफी कधी मागितली नाही. शेतातली पपई तेवढी आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "फार झाल्या होत्या, टाकूनच द्यायच्या होत्या."

निकाल लागला त्या दुपारी आम्ही तिघं ओट्यावरच होतो. इद्रिस फाटकापाशी आला आणि तिथंच उभा राहिला. आत येईना. एवढा उंच माणूस मी इतका लहान झालेला पाहिला नव्हता.

"सर. फेल."

मी सरांकडं बघायचं टाळलं. भाऊसाहेब पायातल्या चपलेकडं बघू लागले. इद्रिसचे डोळे भरून आले होते. "सॉरी सर. आप इत्ता मेहनत किये. वो बुड्ढा..."

"आत ये," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बस इथं. कोण फेल झालं?"

"मैं."

"तू. अकेला तू. तेरा मुलुक फेल नै हुआ, तेरी अम्मा फेल नै हुई. समजा? चुकी माझी झाली बेटा. मी तुझ्या डोक्यावर आख्खी दुनिया ठेवली. इत्ते ओझे से कोई पास होता क्या?"

इद्रिसला मराठी अर्धीच कळत होती, पण तो खाली बसला. आणि मग भाऊसाहेब बोलले. चपलेकडं बघतच.

"आमचं पोरगं बारावीला दोनदा आपटलं, बाबा. दोनदा. सगळे म्हणाले, पोरगं उनाड आहे. देशमुखांची अक्कल कुणी काढली नाही. आजपर्यंत नाही." त्यांनी मान वर करून सरांकडं पाहिलं. "माझ्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं, सर."

सरांनी नुसती मान हलवली. मग आत जाऊन इद्रिसला वाढलं. वरण-भात, मेथीची भाजी. इद्रिस मुकाट जेवला. किती दिवस धड झोपला नसेल कुणास ठाऊक, हात धुऊन येतो म्हणाला आणि आतल्या खोलीत सरांच्या पलंगावर टेकला तो तिथंच झोपून गेला.

आम्ही ओट्यावर बसून राहिलो.

"मी कधीच नापास झालो नाय, कदम," सर म्हणाले. "पहिलीपासून एम.एस्सी.पर्यंत. लोकांना वाटायचं, लई हुशार. हुशार कसला? भ्यायचो. आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुमच्यात नसतं रे हे. मी आपटलो असतो तर एकटा नसतो आपटलो. सगळी आळी आपटली असती माझ्याबरोबर, माझी माय सुद्धा. निकालाच्या आधी आठ-आठ दिवस डोळ्याला डोळा लागायचा नाय. लई वाटायचं, एकदा तरी नुसतं आपलं आपण नापास व्हावं. गणितात. आणि घरी येऊन जेवून झोपावं."

आतून घोरण्याचा आवाज आला. भाऊसाहेब काहीतरी बोलायला गेले, तर सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "झोपलंय पोरगं."

ते उठले, पायांचा आवाज न करता आत गेले, पंखा जरा वाढवला, आणि बाहेर येताना दार हलक्या हातानं ओढून घेतलं.