आठ दिवसांची मोजणी

"आठ दिवस म्हणजे आठ दिवस! आपल्या मोजणीत चूक निघत नाही!" मोजणीदार छाती फुगवून म्हणाला.

वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला लेकीच्या आजारपणाचे दिवस मोजणं म्हणजे डाव्या हातचा मळ! पाच वर्षांच्या भिंगरीला मागच्या शुक्रवारी ताप भरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वासाचा व्हायरस आहे. घाबरू नका, पण आठेक दिवस तिच्यापासून दुसऱ्याला लागू शकतो." शुक्रवार ते शुक्रवार आठ झाले. आणि त्याची धाकटी बहीण तीन आठवड्यांचं बाळ घेऊन येणार होती रविवारी. मामाने भाच्याला अजून फोटोतच पाहिलं होतं!

शनिवारी सकाळी भिंगरी खोकली. एकदाच. पण मोजणीदाराचा दात घासायचा ब्रश तोंडातच थांबला.

"ही अजून खोकतेय!"

"खोकला रेंगाळतो थोडा," बायको म्हणाली. "ताप जाऊन पाच दिवस झाले."

"आणि व्हायरसच रेंगाळला असेल तर? हिने बाळाचा पापा घेतला तर?"

एवढंसं बाळ, वाटाण्याएवढं नाक! त्याने तोंडातल्या फेसासकट दवाखान्यात फोन लावला. पलीकडे चार पोरं एका सुरात रडत होती.

"पेशंटचं वय?" मदतनीस बाईंनी विचारलं.

"बाळ तीन आठवड्यांचं आहे! आणि तो व्हायरस... किती दिवस पसरतो हो?"

बाईंनी आत विचारलं आणि परत येऊन धाडधाड सांगितलं, "इतक्या लहान बाळाकडून चार-चार आठवडेसुद्धा पसरू शकतो. बाळाला ताबडतोब घेऊन या!" फोन बंद.

चार आठवडे! मोजणीदाराच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याने लगेच बहिणीला फोन केला.

"बाळाला घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा! डॉक्टरांनी बोलावलंय!"

"अगंबाई! काय झालंय बाळाला?"

"ते मला काय माहीत! डॉक्टर उगाच बोलावतात का?"

तिकडे बहिणीने चप्पलसुद्धा दोन वेगवेगळ्या घातल्या आणि बाळाला छातीशी धरून रिक्षा पकडली. इकडे बायकोने सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

"अहो, पेशंट कोण? भिंगरी! तुम्ही वय कुणाचं सांगितलंत?"

मोजणीदाराने फेस गिळला. मग तो धावत सुटला.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती. एक पोरगं खोकत होतं, दुसरं शिंकत होतं, तिसरं दोन्ही करत होतं. आणि त्यांच्या बरोबर मधोमध बहीण बसली होती, बाळावर ओढणीचा तंबू उभारून. ज्या व्हायरसपासून भाच्याला वाचवायचं, त्याच्याच घरी मामाने त्याला पाहुणा म्हणून धाडलं होतं!

"दादा!" बहीण रडवेली झाली होती. "वीस मिनिटं झाली इथे. काय झालंय रे माझ्या बाळाला?"

"काही नाही झालेलं," तो पुटपुटला. "माझंच चुकलं."

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं. ठणठणीत! मग त्या मोजणीदाराकडे वळल्या.

"भिंगरीएवढ्या मुलांकडून साधारण तीन ते आठ दिवस पसरतो. कधी लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनही. चार आठवडे हा हिशेब अगदी तान्ह्या बाळांचा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांचा. ती आता बरी आहे. हात धुवायला लावा, बाळाचे पापे नकोत, एवढं पुरे."

"आणि हे?" बहिणीने बाहेरच्या गर्दीकडे बोट दाखवलं.

बाईंनी दारातून बाहेर पाहिलं. "आठ दिवस लक्ष ठेवा. दूध कमी प्यायला, श्वास जोरात चालला, तर लगेच आणा."

बहिणीने भावाकडे असं पाहिलं की त्याला तिथल्या तिथे वजनकाट्याखाली शिरावंसं वाटलं. "आता दिवस मी मोजणार," ती म्हणाली.

ते आठ दिवस मोजणीदाराने जीव मुठीत धरून काढले. रोज सकाळ-संध्याकाळ एकच फोन, "दूध प्यायला?" कामावर त्याने एका माणसाचं परसदार शेजाऱ्याच्या नावावर मोजलं. नवव्या दिवशी बहिणीचा फोन आला. "बाळ छान आहे. या बघायला. पण आज खालूनच हं! खिडकीतून दाखवीन."

तिघं तिच्या इमारतीखाली उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत पांढरं, गुबगुबीत गाठोडं दिसलं आणि मोजणीदाराने टाचा उंचावल्या. दोन्ही हात हलवत तो ओरडला, "ओळखलंस का रे मामाला? अगं, बघ, नाक अगदी आपल्या घराण्याचं!"

शेजारच्या खिडकीतून बहिणीचं डोकं बाहेर आलं.

"दादा, ती उशी वाळत घातलीय! बाळ इकडे आहे!"