बागुल साहेब आणि गिरणीखालची मुलं

बागुल साहेब भाजीबाजारात शिरले की गाड्यांवरचे तराजू आपोआप सरळ होतात. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत पितळेचं एक किलोचं वजन असतं. भाजीवाल्याचं वजन एका पारड्यात, आपलं दुसऱ्यात, आणि काटा मधोमध थांबला तरच खरेदी. मेथी, कोथिंबीर ते घेतच नाहीत, कारण ती जुडीने मिळते. जुडी म्हणजे किती, असा त्यांचा प्रश्न असतो आणि द्वारका चौकापासून आमच्या कॉलनीपर्यंत एकाही भाजीवाल्याला त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नसावी. ते आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही. मुलगी दाखवताना 'थोडी सावळी आहे' असं कोणीतरी म्हटलं असेल आणि साहेबांनी 'थोडी म्हणजे किती?' विचारलं असेल, असा माझ्या नवऱ्याचा तर्क. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा मी साखर किती घालू विचारलं, तर त्यांनी खिशातून स्वतःचा चमचा काढून दिला. सपाट भरून एक, म्हणाले. शीग नको.

आडनावामुळे कॉलनीतली पोरं त्यांना बागुलबुवा म्हणतात. साहेबांना ते माहीत आहे. खाऊ म्हणून ते पोरांना शेंगदाणे देतात, पण मोजून, प्रत्येकी वीस, त्यामुळे त्यांना आजोबा म्हणायला कोणी धजावत नाही.

आमच्या कॉलनीच्या मागे एक लांबट, उताराची गल्ली आहे. मधोमध पिठाची गिरणी. तिथल्या अंगणवाडीच्या ज्योत्स्नाताई एकदा माझ्याकडे आल्या. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आमची ओळख. त्यांच्याकडच्या बऱ्याच मुलांची वजनं महिनोन्‌महिने वाढत नव्हती आणि वरून विचारणा झाली होती, की वजनकाटा बिघडलाय का. तुमच्या त्या साहेबांना जरा बघायला सांगाल का, असं त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. पिशवीत लहानमोठी सगळी वजनं भरली आणि अंगणवाडीत जाऊन काटा तासभर तपासला. काटा चोख निघाला. मला वाटलं, साहेब खूश होतील. ते उलट चिडले.

"काटा बरोबर आहे," ते ज्योत्स्नाताईंना म्हणाले. "म्हणजे चूक दुसरीकडे आहे. वही दाखवा."

वहीत प्रत्येक मुलाच्या वाढीची रेघ होती. काही रेघा वर चढत होत्या, काही आडव्याच पडल्या होत्या. सगळ्यात वाईट रेघ ओवीची. अडीच वर्षांची पोरगी, वजन नऊ किलोसुद्धा नाही. एक महिना पाव किलो वाढायची, पुढच्या महिन्यात तेवढंच घालवून बसायची. तिची आई सविता गिरणीच्या खालच्या अंगाला राहायची. नवरा भाजीचा टेम्पो चालवायचा, आणि घरात सासू होती, घोटीकडची, सखूबाई नावाची. ओवी का वाढत नाही याचं कारण सखूबाईंनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. सून पोरीला नीट खायला घालत नाही.

साहेबांना ऐकीव गोष्टी चालत नाहीत. ते मला सोबत घेऊन ऐन जेवणाच्या वेळी सविताच्या घरी हजर झाले आणि पिशवीतून स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला. ओवीची खिचडी त्यांनी आधी तोलली, जेवण झाल्यावर वाटीत उरलेली तोलली, जमिनीवर सांडलेली शितं वेचून तीही तोलली. असे ते सलग आठ दिवस गेले. सविता बिचारी भिंतीला टेकून उभी असायची, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. सखूबाई उंबऱ्यात बसून ऐकवायच्या, "लय मोजून काय व्हतंय? हिच्या हातालाच गुण नाय."

नवव्या दिवशी साहेब मला म्हणाले, "मॅडम, पोरगी पुरेसं खाते. पण अंगी लागत नाही. आत जातंय आणि वाहून जातंय. कुठे, ते शोधायचं."

मग त्यांनी मला गल्लीचा नकाशा काढायला लावला. प्रत्येक घर, घरातलं लहान मूल, त्याचं वजन. शिवाय महिन्यातून किती वेळा पोट बिघडतं हा प्रश्न. 'अधूनमधून' असं उत्तर आलं की साहेब तिथेच ठाण मांडायचे आणि आकडा घेऊनच उठायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण नकाशा पुरा झाला आणि मी तो दोनदा तपासला. गिरणीच्या वरची मुलं बरी होती. खालची जवळपास सगळी मुलं किडकिडीत, सगळ्यांची पोटं सारखी बिघडलेली. घरं तशीच, कमाई तशीच, ताटात भाकरी-भाजीही तीच. फरक फक्त गिरणीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ यायच्या वेळी साहेब गिरणीपाशी जाऊन उभे राहिले. नळाची जुनी लाइन तिथे उघड्या गटारात उतरत होती आणि पलीकडे निघत होती. खालच्या घरांत पहिल्या दोन बादल्यांना वास यायचा. बाया त्या बादल्या भांड्यांना वापरायच्या आणि तिसरी प्यायला भरायच्या. वर्षानुवर्षं हेच चालू होतं.

साहेबांनी अर्ज केले. किती, ते सांगत नाही, कारण मोजले त्यांनी, मी नाही. शेवटी नळ यायच्या वेळीच पाणीपुरवठा खात्याचे एक तरुण अभियंते आले. दाब तपासला आणि पाणी व्यवस्थित येतंय म्हणाले. साहेबांनी सविताकडून स्टीलचा पेला मागून घेतला, नळाखाली धरून भरला आणि अदबीने पुढे केला.

"घ्या. उन्हातून आलात."

अभियंत्यांनी पेला हातात घेतला. नाकाजवळ नेला. गिरणी बंद करून गिरणीवाला बाहेर आला होता आणि बाया दारात उभ्या होत्या. त्यांनी पेला सावकाश कट्ट्यावर ठेवला आणि खोदून बघायला लागेल, असं म्हणाले.

खोदलं तर गटारातल्या पाइपाची चाळण झालेली. महिन्याभरात नवी लाइन गटाराच्या बरीच वरून गेली. किती वरून, ते साहेबांनी टेप लावून पाहिलं. गटारावर फरश्या पडल्या आणि त्या फरश्यांवर पोरांना पळायला सरळ रस्ता मिळाला. संध्याकाळी तिथे इतका दंगा सुरू झाला, की गिरणीचा आवाज ऐकू येईना.

दिवाळीनंतरचा वजनाचा दिवस मी विसरणार नाही. अंगणवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्योत्स्नाताई वहीत लिहीत होत्या आणि साहेब काट्याशेजारी उभे राहून एकेक नाव पुकारत होते. प्रत्येक आकड्याला बाया टाळ्या वाजवायच्या. गिरणीखालच्या रेघा एकामागून एक वर चढत होत्या. ओवीची पाळी आली तेव्हा साहेबांनी काटा दोनदा पाहिला आणि दहा किलो आठशे असं इतक्या जोरात म्हणाले, की ओवी दचकून रडायला लागली. गल्लीने तिला डोक्यावर घेतलं. गिरणीवाल्याने पेढे वाटले.

त्या गर्दीत सखूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आता कुठं सून पोरीला घालाया लागली."

सविता पेढा हातात धरून खाली बघत राहिली. साहेबांनी ते ऐकलं होतं.

संध्याकाळी मला घेऊन ते सखूबाईंच्या घरी गेले. खिचडीच्या आठ दिवसांच्या नोंदी त्यांनी सखूबाईंना वाचून दाखवल्या आणि सरकारी कागद वाचावा तशा स्वरात सांगितलं, की पोरगी तेव्हाही पोटभर जेवत होती, दोष पाण्याचा होता. सखूबाईंनी ऐकून घेतलं. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग उठून चहा ठेवायला आत गेल्या. चूल आजवर सुनेकडेच असायची.

परत येताना साहेब गिरणीपाशी थांबले.

"आमची गल्ली अशीच होती," ते म्हणाले. "सटाण्याकडे. मी असाच होतो, काडीसारखा. माझ्या पाठीवरचे दोघे राहिलेच नाहीत. सगळे आईला म्हणायचे, हिला पोरं वाढवता येत नाहीत. तिलाही ते खरं वाटायचं. जाईपर्यंत वाटत होतं. तिला सांगायला कोणी आलं नाही, मॅडम."

दोन पावलं चालून ते पुन्हा थांबले. सगळं सासूला सांगितलं, म्हणाले, जिला सांगायचं तिला सांगायचं राहूनच गेलं. आणि ते मागे वळले.

सविता दारात ओवीला कडेवर घेऊन उभी होती. साहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून सटाण्याकडची अहिराणी ऐकली नव्हती.

"तुनी काहीच चूक नही, माय," ते म्हणाले.