सासऱ्यांची पिकअप आणि माझे सात आटे

माणसाने हातात पाना धरला की अर्धं काम झालंच, असं माझं मत होतं. होतं म्हणजे त्या गुरुवारच्या सकाळपर्यंत होतं.

सासरेबुवांच्या पिकअपचं डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा डबा, तेल गाळत होतं. त्याच्या तोंडावरची लोखंडी चकती, पिनियनवरची फ्लँज, झिजली होती. दुपारी त्यांची लाडकी सांडणी शर्यतीला न्यायची होती आणि बाजारातला मेकॅनिक शनिवारशिवाय हात लावायला तयार नव्हता. मी नगरपालिकेत कारकून. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सासऱ्यांनी, म्हणजे सुवैलिमकाकांनी, मला कधी खिळासुद्धा ठोकायला सांगितला नव्हता. म्हटलं, हीच वेळ आहे.

"काका, मी बदलतो. दोन तासांचं काम."

त्यांनी किल्ली दिली, आणि तीही अशी की जणू मुलगीच पुन्हा देतायत.

नवी फ्लँज मी बाजारातून आणली होती. गाडीखाली शिरलो. शाफ्टचे चार बोल्ट सुटले. आता फ्लँज धरणारा मधला मोठा नट. तो सोडताना किती आटे फिरतो ते मोजायचं आणि बसवताना तेवढाच आवळायचा. कमी पडला तर गिअर रडतो, जास्त झाला तर बेअरिंग जळतं. सगळी गोम त्या मोजणीत.

पाच... सहा... एवढ्यात वाळूत चपला दिसल्या. शेजारचा खमीस.

"सलाम अलैकुम, अबू हिलाल. काय खबर?"

आमच्या वाळवंटातल्या गावात सलामाला अर्धवट उत्तर देणारा माणूस पुन्हा कुणाच्या अंगणात बसू शकत नाही. मग तो गाडीखाली असो की कबरीत.

"वालेकुम सलाम. खबर चांगली. तुझी?"

"चांगली. उंट?"

"मजेत."

"घरचे?"

"बरे."

"पोरं?"

"सात!" नट फिरला होता ना सातव्यांदा.

मला पोरं चार, हे खमीसला चांगलं ठाऊक होतं. "माशाल्ला," तो हळूच म्हणाला आणि चपला भराभर निघून गेल्या. चहाला थांबला नाही याचंच मला नवल वाटलं.

थोड्या वेळाने गनियाचे पाय आले. माझी बायको. आवाज एकदम थंड.

"बाकीचे तीन कुठे ठेवलेत?"

एक बोल्ट माझ्या छातीवर होता, म्हणजे ही बाकीच्या तीन बोल्टांचं विचारतेय. चौकस आहे हो, मला बरं वाटलं.

"तुझ्या नजरेस पडणार नाहीत अशा जागी."

"किती दिवस लपवणार होतात?"

"काम झालं की बाहेर काढतोच."

पाय गेले. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मी नट काढत राहिलो.

मग कुणीतरी माझा घोटा धरून मला उन्हात ओढलं. सासरेबुवा! एका हातात उंट हाकायची काठी. मागे गनिया गाठोडं घेऊन. तिच्या मागे खमीस, आणि त्याच्यामागे बरीच गल्ली.

"कोण आहे ती?" काकांनी विचारलं.

"कोण ती?"

"तुझ्या तीन पोरांची आई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पायाखालची वाळू सरकली. मी काकांना नट दाखवला, फ्लँज दाखवली, डब्यातले तीन बोल्ट दाखवले. "काका, अल्लाशपथ, आटे मोजत होतो! सात म्हणजे नटाचे आटे!"

काकांनी नट हातात घेऊन निरखला.

"बरं. मग सगळे मिळून किती झाले?"

मी तोंड उघडलं. "सातानंतर खमीस गेला... मग आठ. नऊला ही आली... अकरा असावेत. किंवा तेरा."

"अकरा की तेरा?"

"बाराही असतील."

काकांनी काठी खाली केली.

"गनिया, गाठोडं सोड. याला दुसरी बायको नाही."

"कशावरून, बाबा?"

"एका नटाचं भान ज्याला राहत नाही, त्याला दोन घरं झेपतील?"

गनियाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तेल लागलेल्या दाढीपासून अनवाणी पायांपर्यंत. तिला इतकं हसू आलं की गाठोडं हातातून पडलं. सगळ्या गल्लीला बापाचं म्हणणं पटलं. सांडणी खमीसच्या गाडीतून शर्यतीला गेली.

संसार वाचला, देवाची कृपा. पण खरं सांगू? थोडं लागलंच मनाला. एवढी माणसं जमली होती. निदान एकाने तरी म्हणायचं होतं, की नाही, अबू हिलालला दोन घरं जमली असती.